जुने यंत्र, नवी डिस्क : नक्कल उतरविताना घ्यावयाची दक्षता

आमचा धंदा कापडाचा. बोर्ली पंचतनच्या बाजारात लग्नाचे बस्ते बांधणे आणि शाळेच्या गणवेशाचे कापड पुरविणे यातच आयुष्य गेले. तेव्हा गाण्याच्या यंत्रातील डिस्क बदलण्याविषयी एका कापडवाल्याने लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण लग्नसराईत कापडवाला, मंडपवाला, आचारी आणि साउंडवाला ही सारी एकाच साखळीची कडी असतात. माझा एक चुलत पुतण्या साउंडचा धंदा करतो. दोन वर्षांपूर्वी त्याचे एक यंत्र अडले. ते सोडविताना जे शिकावयास मिळाले ते त्याच्याप्रमाणेच फोटोग्राफर, झेरॉक्सवाले आणि कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणारे दुकानदार यांच्याही कामाचे आहे, म्हणून हा लेख.

यंत्र कोणते आणि त्यात काय होते

यंत्र म्हणजे हार्ड डिस्कवर ध्वनिमुद्रण करणारा आठ ट्रॅकचा रेकॉर्डर. पुतण्याच्या मर्हूम वडिलांनी तो आखातातून परतताना आणला होता. पूर्वी ध्वनिमुद्रण टेपवर होत असे. १९९६ साली रोलँड कंपनीने व्ही.एस. ८८० हे यंत्र बाजारात आणले. मिक्सर, मुद्रण आणि काटछाट ही सर्व कामे त्या एकाच पेटीत होऊ लागली व आवाज आतील लहान हार्ड डिस्कवर साठू लागला. त्यानंतर इतर कंपन्यांनीही तशी यंत्रे काढली आणि जगभरच्या लहान स्टुडिओंचा संसार त्यांच्यावर चालला. मोठ्या कीबोर्डमध्येही डिस्क आली. कॉर्ग कंपनीच्या २००५ सालच्या ओअॅसिस या कीबोर्डात ४० जी.बी.ची हार्ड डिस्क होती. त्याच कंपनीने २०११ साली क्रोनोस काढला तेव्हा मात्र हार्ड डिस्क सोडून ३० जी.बी.ची एस.एस.डी. बसविली. कारखानदारांनीच जो बदल केला, तोच आपल्याला जुन्या यंत्रात करावयाचा असतो.

आमच्या रेकॉर्डरमध्ये पुतण्याचे अनेक वर्षांचे काम होते. शाळांच्या संमेलनांचे कार्यक्रम होते, नात होत्या, जाहिराती होत्या. शिवाय घरातील वडीलधाऱ्या बायकांनी लग्नात म्हटलेली कोकणी गाणी होती. म्हणणाऱ्यांपैकी तिघी आज हयात नाहीत आणि ती गाणी दुसरीकडे कोठेही उतरवलेली नव्हती.

यंत्र सुरू व्हावयास पाच-पाच मिनिटे घेऊ लागले, आतून कट-कट असा आवाज येऊ लागला. पुतण्याने ते शहरातील एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने सांगितले, “जुनी डिस्क फेकून द्या, नवी बसवतो, फॉरमॅट केली की यंत्र चालेल.” बोलणे खोटे नव्हते. यंत्र चाललेही असते, पण कोरे! हे त्याने सांगितले नाही आणि पुतण्याने विचारले नाही. सुदैवाने पैसे कमी पडले म्हणून तो परत आला व माझ्याकडे उसने मागावयास बसला.

मी त्याला थांबविले, कारण मला स्वतःला ठेच लागलेली होती. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. ती परत आली तेव्हा जात-येत राहिली आणि त्या धक्क्यांत दुकानाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली. तीन वर्षांची उधारी तिच्यात होती. काही गिऱ्हाइकांनी आपण होऊन आकडे सांगितले व पैसे आणून दिले. बाकीच्यांशी वाद घालावयास माझ्याकडे कागद नव्हता.

हार्ड डिस्क का जाते

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात. लहान डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे या वेगाने फिरतात. त्यांच्यावरून वाचणारे डोके तरंगत जाते, आणि चकती व डोके यांतील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. धक्का बसला, वीज अचानक गेली किंवा वय झाले की हा तोल बिघडतो. साउंडवाल्याच्या यंत्राला तर टेंपोचे हादरे आणि मोठ्या स्पीकरची कंपने रोजचीच.

आवाजाने डिस्क अडखळते, हा कोणास विनोद वाटेल. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एक जुनी हकीकत प्रसिद्ध केली. जॅनेट जॅक्सन यांच्या ‘रिदम नेशन’ या १९८९ सालच्या गाण्याचा व्हिडिओ लावला की काही लॅपटॉप बंद पडत. इतकेच नव्हे, शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही बंद पडे. गाण्यातील काही कंपने त्या लॅपटॉपमधील ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या स्वाभाविक कंपनाशी जुळत होती. शेवटी तेवढा आवाज गाळण्याची व्यवस्था कंपनीला करावी लागली.

एस.एस.डी.मध्ये चकती नाही, डोके नाही, फिरणारे काहीच नाही. मजकूर चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहतो. म्हणून हादऱ्याचे भय कमी, यंत्र लवकर सुरू होते आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी चकतीची घरघर माइकमध्ये येत नाही.

फाइल उतरविणे वेगळे, नक्कल वेगळी

येथेच बहुतेकांची फसगत होते. अशा खास यंत्रांची डिस्क कॉम्प्युटरला जोडली तर पुष्कळदा कॉम्प्युटरला ती वाचता येत नाही, कारण तिची मांडणी यंत्राच्या स्वतःच्या पद्धतीची असते. मग पडद्यावर प्रश्न येतो की ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय? घाईने ‘होय’ दाबले की झाले. अशा वेळी नेहमी ‘नाही’ म्हणावे.

आता जी डिस्क कॉम्प्युटरला समजत नाही तिची नक्कल कशी व्हावी? आपल्या धंद्यातील उदाहरण घ्या. हुशार विणकर परमुलखातील नमुना पाहतो. नक्षीचा अर्थ त्याला ठाऊक नसतो, पण ताणा-बाणा मोजून धाग्यास धागा तो हुबेहूब तसेच कापड विणतो. डिस्कचेही तसेच. ती लहान लहान घरांत विभागलेली असते, ज्यांना सेक्टर म्हणतात. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जे असेल ते जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवावयाचे, अर्थ पाहावयाचा नाही. यालाच क्लोन करणे म्हणतात. ओअॅसिससारख्या ज्या कीबोर्डात यंत्र चालविणारी प्रणालीच डिस्कवर असते, तेथे तर याला पर्याय नाही. नुसत्या फाइली नेल्या तर यंत्र सुरूच होणार नाही.

खरेदी करताना

पहिली गोष्ट जोडणीची. जुन्या यंत्रांत रुंद पट्टीची आय.डी.ई. जोडणी असते, नंतरच्या यंत्रांत साटा. आजच्या एस.एस.डी. आय.डी.ई.च्या मिळणे कठीण, पण मधे बसणारे अडॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारल्यास मिळतात. यंत्र उघडून जागा मोजल्याशिवाय खरेदीला जाऊ नये.

दुसरी गोष्ट मापाची, आणि हे आपल्या लोकांना लवकर कळावे. नवी डिस्क जुनीइतकी किंवा किंचित मोठी हवी. जुनी ५०० जी.बी.ची असेल आणि स्वस्त म्हणून ४८० ची एस.एस.डी. आणली तर धाग्यास धागा नक्कल तीत मावणार नाही. सदऱ्याला दोन बोटे कापड कमी पडले तरी सदरा होत नाही. उलट फार मोठी घेणेही चुकीचे. जुन्या आय.डी.ई. यंत्रांपैकी अनेकांना १३७ जी.बी.च्या पुढचे मोजता येत नाही, काहींची मर्यादा याहूनही कमी असते. आमची जुनी डिस्क ४० जी.बी.ची होती, म्हणून १२० ची आणली.

तिसरी गोष्ट, बिल घ्यावे. फुटपाथवर नाव एकाचे, माल दुसऱ्याचा आणि माप खोटे अशा डिस्कही विकल्या जातात. पहिल्या धुण्यात रंग सोडणारे कापड ओळखणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याने तेथे फसू नये.

नक्कल उतरविताना

यंत्रातच बाहेर प्रत काढण्याची सोय असेल तर प्रथम ती करावी. नंतर वायर काढून यंत्र उघडावे, प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि हातातील स्थिर वीज जाण्यासाठी उघड्या धातूला हात लावून मगच डिस्कला स्पर्श करावा.

पुढे दोन मार्ग आहेत. एक, दोन खाचांची क्लोन करणारी पेटी. एका खाचेत असल, दुसऱ्या खाचेत नक्कल ठेवून बटण दाबावयाचे. दुसरा, कॉम्प्युटरवर क्लोनझिलासारखा मोफत प्रोग्राम. दोन्हीकडे सर्वांत मोठा धोका एकच, तो म्हणजे असल आणि नक्कल यांची अदलाबदल. तसे झाले तर कोऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत तुमच्या कामावर चढते आणि काम कायमचे पुसले जाते. म्हणून डिस्कवर आधीच चिठ्ठी चिकटवावी आणि बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी.

डिस्क आमच्यासारखी आजारी असेल तर साधे क्लोन करू नये. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो सोपा भाग आधी उतरवून घेतो, अवघड जागा शेवटी परत परत वाचून पाहतो आणि कोठपर्यंत आलो याची नोंद फाइलीत ठेवतो. वीज गेली तरी तेथून पुढे सुरू करता येते. निरोगी ४० जी.बी.ची डिस्क सेकंदाला ३० एम.बी. या वेगाने सुमारे २२ मिनिटांत उतरते. आमच्या डिस्कने संपूर्ण रात्र घेतली. पुतण्या फजरपर्यंत जागा होता आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता.

सकाळी एस.एस.डी. अडॅप्टरसह बसविली व बटण दाबले. अर्ध्या मिनिटात यंत्र उभे राहिले. काही घरे वाचली गेली नव्हती. त्यामुळे एका गाण्यात मधेच क्षणभर शांतता आहे. बाकी सर्व बायकांचे आवाज जागेवर होते. पुतण्याच्या आईने ते ऐकले आणि उठून आत गेली.

नंतर काय करावे

जुनी डिस्क लगेच फेकू नये. नव्या डिस्कवर प्रत्येक काम उघडून पाहावे आणि निदान एक सीझन निभावेपर्यंत जुनी कोरड्या डब्यात जपून ठेवावी.

एस.एस.डी. आली म्हणजे काळजी मिटली असे समजू नये. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कण्हते, एस.एस.डी. अनेकदा काहीही न बोलता एका क्षणात जाते. शिवाय ती वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहिली तर आतील भार हळूहळू झिरपतो. म्हणून आम्ही रेकॉर्डरमधील सर्व गाणी वाजवून कॉम्प्युटरवर साध्या फाइलींत घेतली. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर केली आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवली. पाणी किंवा वादळ आले तर दोन्ही घरे एकदम जाऊ नयेत, एवढाच हिशेब.

सर्व मिळून खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ झाला. आपल्या होतकरू मुलांनी हे हुनर शिकावे. माणगाव-म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंत साउंडवाले, फोटोवाले, दुकानदार किती आहेत पाहा, प्रत्येकाकडे एक तरी जुनी डिस्क फिरत आहे. मात्र या कामाला बसणाऱ्याने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा, “आत काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत आहे काय?” आणि गिऱ्हाइकाने हा प्रश्न न विचारणाऱ्याच्या हाती आपले यंत्र देऊ नये.

माझ्या दुकानात आता दर गुरुवारी संध्याकाळी उधारीची प्रत निघते. तुमची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, ते आजच पाहून घ्या.