अॅनोड बदलता, मग स्टड का नाही?

बमरोली-सुरतेतल्या शिडाच्या बोटींच्या वेड्यांनो, हे वाचाच.

जहाजबांधणीचं आपल्या सुरतेशी जुनं नातं. इथलेच लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईच्या गोदीसाठी गेले. पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दाखवलं, की जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंड जोडलं तर तांबं वाचतं. आजचा अॅनोड तेच करतो: स्वतः झिजतो, पंखा आणि शाफ्ट वाचवतो.

पण त्याला धरणारा स्टड? फायबरच्या बोटीत तो तळातून आरपार जातो आणि आतून तारेने शाफ्टला जोडलेला असतो. सीलंटमागे पाणी साचलं, की ऑक्सिजनअभावी स्टेनलेस स्टीलही कुरतडलं जातं. दोन्ही टोकं चकचकीत, मधे मात्र बारीक! बाहेरून कळतच नाही. तुटला तर थेट गळती.

म्हणून बोट किनाऱ्यावर ओढलेली असतानाच एक स्टड काढून बघा. खड्डे दिसले तर सगळे बदला. नवा सागरी सीलंट भरा, नट घट्ट करा, मग मल्टिमीटरने अॅनोड ते शाफ्ट रोध मोजा. तो जवळजवळ शून्य हवा.

आणि कृपा करून अॅनोडला रंग लावू नका, रंगवलेला अॅनोड काम करत नाही.