क्वाड बाईकखालची स्किड प्लेट : जाडी पाहावी की जमीन?

चार फुगीर टायरांची, हँडलने वळणारी क्वाड बाईक आता नवलाईची राहिलेली नाही. लोणावळा, पाचगणी, अलिबागजवळचा नागावचा किनारा येथे पर्यटक ती भाड्याने फिरवतात. २०१९ मध्ये पोलारिस कंपनीने ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी स्पोर्ट्समन ५७० भारतात आणली आणि शेतीकामासाठीही हे वाहन पुढे आले. आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात अशी गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली, तर मालक बहुधा एकच मागणी करील, "खाली मजबूत पत्रा लावून द्या."

बऱ्याच गाड्यांना कंपनीकडून खाली पातळ प्लास्टिकच येते. दगड लागून चेंबर फुटले आणि ऑइल वाहून गेले, तर इंजिन जाम होण्यास वेळ लागत नाही. मालकाचे नुकसान होते आणि काम करणाऱ्याचे नावही जाते. म्हणून जीपचा चेंबर गार्ड बनवणाऱ्या आमच्या वेल्डर व फॅब्रिकेटर बांधवांनी हे काम नीट समजून घ्यावे.

आधी जमीन विचारा

मालकाला पहिला प्रश्न जाडीचा नव्हे, जमिनीचा विचारावा. भूम, वाशी, कळंबकडच्या बालाघाटच्या माळावर काळा कठीण दगड आहे. तो पत्रा नुसता ठोकत नाही, किसतो. काळ्या रानात दगड कमी, पण पावसाळ्यात चिकण माती प्लेटच्या आत भरून बसते. किनाऱ्यावर खारे पाणी गंज आणते. एकच प्लेट तिन्ही ठिकाणी सारखी टिकणार नाही.

तीन माल, तीन स्वभाव

लोखंडी पत्रा स्वस्त, कोठेही मिळणारा आणि साध्या वेल्डिंगने दुरुस्त होणारा. पण तो जड असतो व रंग खरवडला की गंजतो.

अ‍ॅल्युमिनियम हलके असते, पण प्रत सांगून घ्यावे. ५०५२ प्रतीचा पत्रा थंड असतानाच चांगला वाकतो. ६०६१ चा टणक पत्रा लहान वळणावर तडकतो आणि वेल्डिंगच्या जागी त्याची ताकद कमी होते. भांड्यांचा मऊ पत्रा या कामाचा नव्हे. वेल्डिंगला आर्गनची सोय हवी.

तिसरा माल यूएचएमडब्ल्यू नावाचे जाड प्लास्टिक. कारखान्यांत कन्व्हेअरखालच्या पट्ट्यांना ते वापरतात. लोखंड-अ‍ॅल्युमिनियम दगडावर अडकते, हे मात्र घसरून पुढे जाते व मार खाऊन पुन्हा सरळ होते. पण सुमारे १३० अंशांना ते वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते. म्हणून सायलेन्सरपासून दूर ठेवावे.

वजनाचा हिशेब असा : चार फूट बाय दीड फुटाची प्लेट ३ मिलिमीटर लोखंडात सुमारे १३ किलो, ५ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियममध्ये साडेसात किलो आणि १० मिलिमीटर यूएचएमडब्ल्यूमध्ये सव्वापाच किलो भरते. खडकाळ माळासाठी आमची पसंती यूएचएमडब्ल्यूला. शेतकामाला, जेथे दगड कधीतरीच लागतो, तेथे अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंडही पुरे.

कारागिरी बसवण्यात आहे

उत्तम मालही चुकीचा बसवला तर वाया जातो. बोल्टची डोकी बाहेर राहिली की दगड ती घासून टाकतो. मग पाना लागत नाही आणि बोल्ट कापावा लागतो. म्हणून भोकाला काउंटर मारून डोके पत्र्याच्या आत बसवावे. पुढची कड वर वळवावी, नाहीतर ती नांगरासारखी जमिनीत घुसते. एकाहून जास्त तुकडे असतील तर पुढचा तुकडा मागच्याच्या खाली यावा.

अ‍ॅल्युमिनियम व लोखंडी चासी यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर घालावा. दोन धातू ओलीत एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. यूएचएमडब्ल्यू उन्हात वाढते : तीस अंशांच्या फरकाने एक मीटरला सुमारे पाच मिलिमीटर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. भोके गोल ठेवली तर प्लेट फुगून वाकते. ती लांबट पाडावीत.

ऑइलच्या ड्रेन नटखाली भोक ठेवावे आणि चिखल धुऊन निघेल अशी वाटही. इंजिनची हवा कोंडू नये. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळते. ते प्लेट आणि सायलेन्सर यांच्यात अडकले तर गाडी पेटू शकते. गाडी देताना मालकाला ही जागा दाखवून, फेरीनंतर साफ करण्यास सांगावे. चाकाच्या ए-आर्मना वेगळे गार्ड लागतात, हेही आधीच सांगावे.

व्यवहार चोख ठेवा

बिलावर माल, प्रत व जाडी लिहून द्यावी. ३ मिलिमीटर सांगून अडीचचा पत्रा लावला तर तो दगड उघडा पाडतोच. नोंदणी नसलेली क्वाड सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून तपासणीची फेरी रानातच घ्यावी. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळून द्यावेत, त्याचे पैसे घेऊ नयेत. एवढ्या श्रमात जोडलेले गिऱ्हाईक पुढे जीप आणि ट्रॅक्टरही आपल्याच दारात आणते.