व्यालेली गाय आपली चरबी कशी जाळते?

गाय व्याली म्हणजे तिचें अंग उतरावयाचेंच, हें शेतकरी बंधूंस निराळें सांगावयास नको. महिनाभरांत फासळ्या मोजतां येऊं लागतात, शेपटीच्या मुळाशीं खळगे पडतात, आणि घरांतील वडील मंडळी "दुधावाटें गेलें" असें म्हणून विषय संपवितात. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. कांहीं चरबी दुधांत उतरते खरी; परंतु बरीचशी चरबी जनावर स्वतःच्या शरीरांत चुलींतील सरपणाप्रमाणें जाळीत असतें. हें जाळणें नीट झालें तर गाय भरून दूध देते. तें अर्धवट झालें तर ऐन दुधाचें वेत वायां जातें, आणि क्वचित् गायही हातची जाते. उपचार पशुवैद्यानें करावयाचा हें उघडच आहे; परंतु बिघाडाचें मूळ पुष्कळदां गाय विण्यापूर्वींच आपल्या गोठ्यांत रुजलेलें असतें. म्हणून हा विषय आम्ही येथें कांहींशा विस्तारानें घेत आहों.

शरीरांत चरबी कातडीखालीं, मूत्रपिंडांभोंवतीं व आंतड्यांच्या पदरांत सांठते. एक ग्रॅम साखरेपासून सुमारें ४ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर तितक्याच चरबीपासून ९. म्हणून थोड्या जागेंत पुष्कळ शिल्लक ठेवावयाची तर निसर्गास चरबीच सोयीची. ही शिल्लक मोडण्याचा हुकूम रक्तांतील साखरेवरून सुटतो. साखर कमी झाली कीं इन्शुलीनचें प्रमाण उतरतें, व चरबीच्या पेशींतील पाचक द्रव्यें कामास लागतात. चरबीचा प्रत्येक रेणु म्हणजे एका ग्लिसरीनला जोडलेलीं तीन स्निग्धाम्लें होत. हा जोड तुटला कीं स्निग्धाम्लें रक्तांत येतात. पाण्यांत तीं विरघळत नसल्यामुळें अल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून स्नायु, हृदय व यकृत यांकडे जातात.

तेथें पुढें काय होतें याचा पहिला धागा १९०४ सालीं फ्रांत्स क्नूप या जर्मन शास्त्रज्ञास सांपडला. त्यानें स्निग्धाम्लाच्या शेपटास ओळखीसाठीं बेंझीनचें कडें जोडून तें कुत्र्यांस खाऊं घातलें, व त्यांच्या मूत्रांत काय उतरतें तें तपासलें. स्निग्धाम्लाची सांखळी दोन दोन कर्बाणूंनीं तुटत जाते, असें त्यावरून ठरलें. कडबाकुट्टीच्या यंत्रांत धाटें घालावीं आणि सारख्या मापाचे तुकडे पडावे, तसाच हा प्रकार. सोळा कर्बाणूंच्या पामिटिक आम्लाचे असे आठ तुकडे होतात. हे तुकडे, १९३७ सालीं हान्स क्रेब्स यांनीं उलगडलेल्या चक्रांत शिरून जळतात, व शेवटीं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढेंच उरतें. चरबी घामावाटें जाते अशी पुष्कळांची समजूत असते; वस्तुतः १० किलो चरबी पूर्ण जळली तर तिचा सुमारें ८.४ किलो भाग श्वासावाटें वायुरूपानें निघून जातो.

येथपर्यंत माणूस आणि गाय यांत भेद नाहीं. परंतु त्या चक्रांत शिरण्यास प्रत्येक तुकड्याला एक जोडीदार लागतो. त्याचें नांव ऑक्झॅलोअ‍ॅसिटिक आम्ल. आणि यकृतास नवी साखर बनवावयाची झाली तर तीही याच द्रव्यांतून बनवावी लागते. माणसास भाकरींतून साखर मिळते. गाईस आयती साखर फारशी मिळतच नाहीं. तिनें खाल्लेली वैरण व पेंड कोठीपोटांतील सूक्ष्म जंतु आंबवितात. त्यांतून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक हीं आम्लें निघतात, आणि त्यांपैकीं मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत साखर तयार करतें. इकडे एक लिटर दुधासाठीं कासेला सुमारें ७० ग्रॅम साखर हवी; वीस लिटर दुधाची गाय दिवसाला जवळ जवळ दीड किलो साखर दुधाकडे लावते. त्यांत आणखी अडचण अशी कीं, दूध चौथ्या ते आठव्या आठवड्यांत कळसास पोहोंचतें, आणि भूक त्याच्या मागून कांहीं आठवड्यांनीं वाढते. मधली तूट चरबीनेंच भरावयाची.

मग यकृतापुढें चरबीचे तुकडे ढिगानें येऊन पडतात, आणि जोडीदार मात्र साखर करण्यांत खर्ची पडलेला असतो. न जळलेले तुकडे आपसांत जुळून कीटोन द्रव्यें होतात. थोड्या प्रमाणांत तीं विष नव्हेत. स्नायु व हृदय तीं आनंदानें जाळतात. परंतु फार झालीं कीं रक्तांत आम्लता वाढते, भूक मरते, भूक मेली कीं आणखी चरबी वितळते, आणि उरलेली चरबी यकृतांतच सांठूं लागते. यासच किटोसिस म्हणतात. आमच्या खिलार व डांगी गाई वासरापुरतें व घरापुरतें दूध देत, त्यांना ही तूट फारशी भासली नाहीं. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें, तसेंच सरकारी दवाखान्यांनीं, संकरित पैदास गांवोगांव नेली. दूध वाढलें, पण वैरणीची रीत पुष्कळ गोठ्यांत जुनीच राहिली. अधिक दुधाच्या म्हशीही यांतून सुटत नाहींत.

पहिली खूण अशी कीं, गाय पेंड टाकून कडब्यास तोंड लावते. दूध दोन-चार दिवसांत झपाट्यानें उतरतें, शेण घट्ट होतें, श्वासास पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. (हा वास सर्वांच्याच नाकास कळत नाहीं, गोठ्यांत दोघांनीं घेऊन पाहावा.) कधीं कधीं गाय भिंत किंवा स्वतःचें अंग चाटीत सुटते, अडखळते, अंगावर धांवते. अशा वेळीं ती पिसाळली आहे कीं काय याचा निर्णय पशुवैद्यानें करीपर्यंत तिच्या तोंडांत हात घालूं नये. १९०८ सालीं रोथेरा यांनीं सांगितलेली कसोटी स्वस्त व सोपी आहे: विशिष्ट पूड घेऊन तिच्यावर मूत्राचे थेंब टाकावे, जांभळा रंग आला तर कीटोन आहेत.

आतां गुळाविषयीं. व्यालेल्या गाईस गूळ द्यावा ही चाल जुनी आहे, व चवीपुरता गूळ देण्यास आमची हरकत नाहीं. परंतु हा रोग गुळानें बरा होईल ही आशा व्यर्थ होय. गूळ रक्तांत पोहोंचण्यापूर्वींच कोठीपोटांतील जंतु तो फस्त करतात. आणि किलोकिलोनें चारला तर पोटांत आंबटपणा माजून दुसरेंच दुखणें उभें राहतें. म्हणूनच पशुवैद्य साखर शिरेंतून देतो. तोंडावाटें प्रोपिलीन ग्लायकॉल देतात, कारण तें जंतूंच्या तडाख्यांतून बरेंच वांचतें व यकृत त्याची साखर करतें. रोजचें सुमारें ३०० ग्रॅम, पांच दिवस, असा सर्वसाधारण क्रम आहे.

खरा इलाज मात्र भाकड काळांतला. गाभण आहे, खाऊं द्या, असें म्हणून शेवटचे दोन महिने गाय फुगविणें यासारखी चूक दुसरी नाहीं. लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते आणि चरबी मात्र अधिक सोडते. पांच गुणांच्या मोजणींत वितांना ३.२५ ते ३.५ एवढें अंग पुरें. फासळ्या डोळ्यांस दिसूं नयेत, पण बोटांनीं दाबतां लागाव्या. अंग भरावयाचें असेल तर तें दूध देत असतांनाच, आटविण्यापूर्वीं भरावें. आणि लठ्ठ गाय भाकड काळांत उपाशी ठेवून बारीक करूं पाहणें हेंही तितकेंच घातक, कारण त्यानें चरबी आधींच वितळूं लागते. विण्यापूर्वीं तीन आठवडे खुराकाची सुरुवात थोडीथोडी करावी, म्हणजे कोठीपोटांतील जंतु त्यास सरावतात. व्याल्यावर खुराक हळूहळू वाढवावा, पाणी सदैव पुढें असावें, आणि हिरवी मका संपून वाळका कडबा सुरू करणें असेल तर आठ-दहा दिवस दोन्ही मिसळून द्यावीं.