बियेचा दर विचारणारे मतदार

पहाटे ५.००

बॉयलर पेटवणारा माणूस माझ्या आधी आलेला असतो. काजूची बी वाफेवर उकडली की रात्रभर निवू द्यावी लागते. घाई केली तर कटरखाली गर फुटतो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात एवढा फरक आहे की एका दिवसाची हयगय आठवडाभराचा नफा खाऊन टाकते. त्यामुळे जिल्हा परिषदेचा प्रचार ऐन रंगात असला तरी माझा दिवस दोडामार्गच्या या शेडमध्येच उजाडतो. काल निवत ठेवलेल्या बियांत हात घालून बघते आणि कटर लावायला सांगते.

६.४५

फोन. पहिला मुंबईच्या व्यापाऱ्याचा, त्याला ३२० नंबरचा माल हवा आहे, म्हणजे पौंडाला तीनशे ते तीनशे वीस गर बसणारा. दुसरा एका कार्यकर्त्याचा. त्याला गाडीत डिझेल हवं आहे.

८.००

बायका कामावर येतात. कटरवाल्या हाताला तेल चोळून बसतात, कारण टरफलातला चीक कातडी जाळतो. सोलणीला बसणाऱ्यांचं काम सुकं, पण डोळ्यांचं. यांतल्या बऱ्याच जणी माझ्याच गटातल्या मतदार.

कारखान्यात प्रचार करायचा नाही, हा नियम मी अर्ज भरला त्याच दिवशी घातला. पगार देणारीने मत मागितलं की ते मागणं राहत नाही. पत्रक नाही, चिन्ह नाही, चहाच्या सुट्टीत भाषण नाही. एक जण कुरकुरलीच, ‘‘मगे आमी काय तुमचा नाव पण घेऊचा नाय?’’ म्हटलं, गेटच्या बाहेर घे, नाहीतर दुसऱ्या कुणाचं घे.

९.३०

बी पुरवणारा एक दलाल ऑफिसात येऊन बसला आहे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर तो येतो, चहा पितो, आकडा ठरवतो आणि उधारीवर माल टाकून जातो. आज चहा तसाच ठेवून म्हणाला, ‘‘यंदा रोख बघूया.’’

कारण मला ठाऊक होतं. उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. जमीन, दागिने, गाड्या, बँकेतली शिल्लक, खटले असतील तर ते, आणि कर्ज. ते कुणालाही बघता येतं. माझं कॅश क्रेडिट आणि मशिनरीचं कर्ज मिळून जो आकडा झाला, त्याचा फोटो तालुक्यातल्या मोबाइलांवर फिरतो आहे. ‘‘एवढां कर्ज आसा तुझ्यार?’’ असं मला रस्त्यात थांबवून विचारलं गेलं. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी होती की समाधान, ते कळलं नाही.

आता हे कुणाला समजावायचं? आमच्याकडे बी पडते ती साधारण फेब्रुवारी ते मे. तेवढ्या दिवसांत वर्षभराचा कच्चा माल गोदामात भरायचा, म्हणजे वर्षाचं भांडवल तीन-चार महिन्यांत ओतायचं. ते बँकच देणार. कर्ज नसलेला काजू कारखाना म्हणजे बहुधा बंद पडलेला कारखाना. पण धंद्यात पत सांभाळायची तर कर्जाचा आकडा चारचौघांत बोलायचा नसतो, आणि राजकारणात पत मिळवायची तर तो शपथेवर लिहून द्यायचा. धंदा करणारी बाई निवडणुकीला उभी राहताना कचरते, त्याचं एक कारण हे. पुरुष उमेदवारांनाही हाच नियम आहे. फक्त बाईचं कर्ज दिसलं की लोक त्याला बुडीत समजतात.

दलालाला बँकेचं पासबुक दाखवलं नाही. गेल्या सालची त्याचीच वही दाखवली, कुठल्या तारखेला किती फेडलं ती. मग त्याने चहा घेतला.

११.००

डोंगराकडेची वाडी. गाडी खाली ठेवून पाणंदीने वर. देवळात रवळनाथापुढे गाऱ्हाणं झालं, सगळे ‘होय महाराजा’ म्हणाले, आणि पायरीवर बसल्या बसल्या पहिला प्रश्न आला, ‘‘यंदा बियेक दर काय देतलंस?’’

बाकीचे उमेदवार वाडीत येतात ते मत मागायला. मी त्याच वाडीत दरवर्षी बी घ्यायला येते. माझा काटा इथल्या प्रत्येकाने बघितला आहे. ओलसर बी म्हणून कुणाची किती घट धरली, कुणाचं पोतं परत केलं, हे सगळं त्यांच्या लक्षात आहे. जाहीरनामा छापायची मला गरजच पडली नाही; तो इथे पाठ आहे, आणि त्यातली सगळीच कलमं माझ्या बाजूची नाहीत.

एक म्हातारा म्हणाला, ‘‘तू आफ्रिकेची बी हाडतंस, म्हणान आमचो दर पडता.’’ खोटं नाही. इथली बी संपली की मीही मंगळूरहून आयात बी उचलते, नाहीतर बायकांना घरी बसवावं लागेल. तेच सांगितलं. पटलं नाही, पण तो उठूनही गेला नाही.

शेतकऱ्यांची मागणी किलोला २०० रुपये हमीभावाची आहे. पलीकडे गोव्याने २०२३ मध्ये आधारभूत किंमत १५० केली. इथून पंधरा मिनिटांवर हद्द आहे, त्यामुळे तो आकडा सगळ्यांच्या तोंडी. आपल्या सरकारने २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं, पण त्याला सातबारावर काजूची नोंद हवी आणि विक्रीचं बिल हवं. सामाईक सातबारावर पाच भावांची नावं आणि बी विकलेली कच्च्या चिठ्ठीवर, असं असेल तर दहा रुपये कागदावरच राहतात.

मी किलोमागे पाच रुपये जास्त देते असं बोलले असते तर पायरीवरची निम्मी मतं तिथेच पदरात पडली असती. ते मतदाराला दिलेलं आमिष ठरलं असतं, आणि हंगामात मला परवडलंही नसतं. एवढंच म्हटलं, की माझ्याकडे बी घालणाऱ्या प्रत्येकाला पक्कं बिल मिळेल. ‘‘ता तर तू आत्तापण देऊक होया!’’ मागून एक बाई म्हणाली. बरोबर होतं तिचं.

दुपारी १.३०

घरी जेवण. उकडा भात, कुळथाची पिठी, सुकट. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर.

गटाची सोडत निघाली, सर्वसाधारण महिला पडला, आणि दुसऱ्याच दिवशी पक्षवाले घरी हजर. बसले ह्यांच्यासमोर. ‘‘वहिनींना उभं करता का?’’ मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा खर्चाची तयारी किती, इथवर बोलणं आलं होतं. हे म्हणाले, ‘‘मी नोकर माणूस, मला राजकारणावर बोलता येत नाही. त्यांनाच विचारा.’’ खरंच येत नाही, नियमच आहे. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या, पण सदस्याच्या खुर्चीशेजारी सदस्यपतीची खुर्ची अजून हललेली नाही. आमच्या घरात ती सेवाशर्तींनी हलवली. हे माझ्या गाडीतसुद्धा बसत नाहीत. मतदानाच्या दिवशी ह्यांची ड्यूटी कुठल्या तरी लांबच्या केंद्रावर लागेल.

पक्षाचं तिकीट काही आलं नाही. खर्चाचा माझा आकडा त्यांना कमी वाटला. अपक्ष उभी राहिले.

४.००

हत्तीग्रस्त गावं. कर्नाटकातून हत्ती या बाजूला उतरायला लागले त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. केळी, माड, सुपारी एका रात्रीत आडवी होतात. एकाने थेट विचारलं, ‘‘हत्ती इलो काय तुका फोन करूचो?’’ हत्ती वनखात्याचा, जिल्हा परिषदेचा नव्हे, असं सांगणं सोपं होतं. पण रात्री दोन वाजता बागेत उभ्या असलेल्या माणसाला खात्यांची वाटणी काय करायची आहे? म्हटलं, कर, मी वनपालाला उठवीन.

परतताना एक ठेकेदार भेटला. निवडून आलीस तर सिमेंटची एजन्सी घे, म्हणाला, बिलं मी बघतो. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात स्पष्ट आहे: परिषदेच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर सदस्यत्व जातं. त्यालाही ते ठाऊक होतं. म्हणूनच एजन्सी ‘नणंदेच्या नावावर’ असं सुचवत होता.

७.००

शाळेच्या पडवीत बैठक. तरुण पोरं कमीच, ती अजून म्हापसा, पर्वरीहून दुचाकीने घरी यायची आहेत. बायका पुष्कळ. प्रश्न दवाखान्याचा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, पण पेशंट जरा गंभीर झाला की गाडी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. एक पोर म्हणाली, आम्ही मत महाराष्ट्रात देतो आणि बाळंत गोव्यात होतो.

निवडून आल्यावर काय करशील, याला माझं उत्तर लांबलचक नसतं. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कारभार प्रशासकाकडे गेला. तेवढा काळ जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला जाऊन ‘आमच्या केंद्रात डॉक्टर का नाही’ असं सभागृहात विचारणारं कुणी नव्हतं. पैसाही फार हातात येत नाही: पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला, अशी वाटणी. सदस्याचं काम खर्चापेक्षा पाठपुराव्याचं. थकलेली बिलं वसूल करत माझं अर्धं आयुष्य गेलं. फाइलीच्या मागे लागणं मला जमेल.

रात्री १०.००

लाउडस्पीकर बंद. आता आजचा खर्च लिहायचा. डिझेल, चहा, पत्रकं, मंडप; पावत्यांसकट रोजचा हिशेब द्यावा लागतो. कारखान्याची वही वेगळी, निवडणुकीची वेगळी, बँक खातंही वेगळं. कार्यकर्त्याने वड्यांची पावती आणली नाही, त्याला परत पाठवला.

झोपण्याआधी उद्याच्या वाडीतल्या बायकांसाठी एक निरोप धाडला, तोच इथेही लिहिते. यंत्रावर मतं दोन द्यायची असतात, एक जिल्हा परिषदेच्या गटाचं आणि एक पंचायत समितीच्या गणाचं. पहिलं बटण दाबून बरेच जण बाहेर पडतात. दोन्ही दाबा. माझं नाव त्यातल्या पहिल्या यादीत आहे, ते पटलं तरच.