दोरी निसटली, पण केव्हा?

लाँगबो या उंच लाकडी धनुष्यातून बाण मारताना दोरी टोकाच्या खाचेतून निसटली की पहिला संशय दोरीवर जातो. मग नवी दोरी येते, गाठ आणखी आवळली जाते, कुणी दोरीच्या टोकाचा फास धनुष्याला धाग्याने बांधूनच टाकतो. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दोरी निसटली केव्हा: धनुष्य पूर्ण ओढलेले असताना, की बाण सुटल्यावर? तक्रार एकच दिसली तरी या दोन क्षणांमागचे दोष निराळे असतात, आणि दोरीच्या धाग्यात ते क्वचितच सापडतात.

बाण सुटल्यावरचा प्रकार आधी पाहू. दोरी सोडताच धनुष्याच्या दोन्ही भुजा पुढे झेपावतात, दोरी सरळ होते आणि भुजा गचकन थांबतात. बाणाने न नेलेली ऊर्जा धनुष्यातच उरते आणि थरथरण्यात खर्च होते. बाण फार हलका असेल तर ती जास्तच उरते. या थरथरीत दोरी क्षणभर सैल पडते. चढवलेल्या धनुष्यात मुळात ताण कमी असला आणि फासही मोठा असला, तर तो नेमका तेव्हा खाचेतून वर सरकतो. ताण कमी असण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दोरीची लांबी, आणि इथे सेंटीमीटरभराची चूकही महागात पडते. शाळेच्या भूमितीत आपण जिला जीवा म्हणतो ती मुळात धनुष्याची दोरीच. धनुष्य 180 सेंटीमीटर लांबीच्या वर्तुळकंसासारखे वाकले आणि मध्यावर दोरी 16 सेंटीमीटर दूर राहिली, असे धरू. आता दोरी फक्त 1 सेंटीमीटरने लांबली तर हे अंतर सुमारे सव्वादोन सेंटीमीटरने घटते. नवी पॉलिएस्टरची दोरी सुरुवातीच्या बाणांत ताणली जातेच, खालच्या टोकाची पिळाची गाठही बसते. म्हणून धनुष्याच्या मध्यावर मूठ ठेवून अंगठा उभा करायचा आणि दोरी त्याच्या टोकापाशी येते का ते पाहायचे, हे जुने माप अधूनमधून पुन्हा घ्यावे लागते.

‘मग दोरी चांगली आखूडच करावी’ हा उपाय अर्धाच खरा आहे. आखूड दोरीने लाकडावर सतत जादा ताण राहतो, धनुष्याला कायमचा बाक येतो, आणि बाणाला ढकलणारे अंतरही कमी होते.

ओढलेल्या स्थितीत निसटणारी दोरी मात्र लांबीने सुधारत नाही. धनुष्य ओढत जावे तसा दोरी आणि टोक यांच्यातला कोन बदलतो. खाच त्या दिशेने तिरकी उतरत नसेल, उथळ असेल किंवा भुजा पिळली असेल, तर दोरी कडेवर चढते. चढवलेले धनुष्य टोकाकडून पाहावे. दोरी मुठीच्या मध्यावरून जायला हवी. ती थोडीच सरकलेली असेल तर एका बाजूची खाच किंचित खोल करून मध्यावर आणता येते.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर शंभराहून अधिक लाँगबो सापडले. त्यांच्या टोकांवरच्या खुणा सांगतात की शिंगाच्या टोपीला खाच एकाच बाजूला होती. एवढ्या साध्या खाचेवर अतिशय जड धनुष्ये चालत, मग कोनाची एवढी चिंता कशाला? मला यातून उलटेच दिसते. खाच एकच असेल तर ती अचूकच हवी. शिवाय शिंग कठीण असल्याने दोरी त्यात सहजी रुतत नाही. नौका बुडाली त्याच वर्षी रॉजर अ‍ॅस्कम या इंग्रज लेखकाचे धनुर्विद्येवरचे ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. धनुष्य मोडण्याची कारणे देताना तो दोरी आखूड, लांब, नीट न बसवलेली, वाकडी चढवलेली आणि वाईट खाचेने कापलेली, हे सगळे एका दमात मांडतो. या यादीत तो दोरीच्या गुणापेक्षा तिच्या बसण्याकडे पाहतो, हे मला मोलाचे वाटते.

फास धाग्याने बांधणे उतरवलेल्या धनुष्यासाठी ठीक आहे, वरचा फास घरंगळत नाही. नेम धरताना त्याच धाग्यावर भिस्त ठेवली तर दोष झाकला जातो आणि पिळलेली भुजा पिळतच राहते. दोरी सुटली की टोकांना अडवणारे काही उरत नाही, ती उलट्या दिशेने फटकारतात. अ‍ॅस्कमने धनुष्य मध्यावर मोडण्याचे कारण हेच सांगितले. म्हणून दोरी पुन्हा चढवण्याआधी धनुष्याची पाठ (बाहेरची बाजू) आणि पोट (दोरीकडची बाजू) या दोन्हींवरून बोट फिरवून आडवी बारीक रेघ किंवा उचललेला तंतू शोधावा.