अधू बाजूला उभं राहायला कोण?

मोहोपाड्यातल्या फिजिओ ताईंनी गेल्या महिन्यात दवाखाना आवरला. आता त्या पनवेलला बसतात आणि इथल्या पेशंटांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. तोल गेला तर मोबाइल कंबर धरणार आहे का?

1953 साली मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, 1955 साली हाजी अलीला पुनर्वसन संस्था उभी राहिली. आमच्याकडे मात्र पुढची पन्नास वर्षं अंगावरून वारं गेलं की माणूस खाटेला खिळायचा. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगे, मालिशवाले पैसे उकळत. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

ताई आल्या आणि चित्र पालटलं. आमच्या अण्णांचा डावा पाय वाऱ्याने गेलेला. ताईंनी दोन वजनकाटे मांडले, एकेका पायाखाली एकेक. उजवा काटा पन्नाशीच्या घरात, डावा जेमतेम दहावर.

"अण्णा, डाव्या पायावर या."

"बाई, तो माझा राहिलाय कुठे?"

अण्णा शिव्या घालत, ताई कमरेच्या पंच्याला धरून डावीकडेच उभ्या. उठताना पाय मागे, धड पुढे. ओट्याला धरून आडवं चालणं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू. वळताना घाई नाही, कारण माणूस पडतो तो बहुधा वळतानाच. अधू हाताला धरून कुणी उठवायला गेलं की ताई कडाडत, "खांदा निखळेल!"

2011 साली अमेरिकेत अंगावरून वारं गेलेल्यांवर एक मोठी चाचणी झाली. पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवलेले आणि फिजिओने घरी येऊन व्यायाम करवलेले, दोघेही वर्षाअखेर सारखेच सुधारले होते. म्हणजे यंत्रावाचून अडत नाही. 2017 साली अशाच रुग्णांवरच्या, भारतातल्या 14 रुग्णालयांच्या चाचणीचा निकाल आला. तिथे घरच्यांना शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवले होते. 1250 रुग्ण, सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक नाही. तरी डिस्चार्जच्या कागदावर आजही एकच ओळ असते: घरी व्यायाम करून घ्यावा. कुणी करून घ्यायचा? दुसऱ्या पाळीवरून आलेल्या मुलाने?

त्याच 2017 साली केंद्राने हिंदुस्तान ऑर्गॅनिक या सरकारी रसायन कंपनीचं इथलं युनिट बंद करायचं ठरवलं. कॉलनी ओसरली, गिऱ्हाईक पांगलं. ताईंना तरी काय बोलणार!

आता ज्याला एसटीची पायरी चढायला शिकायचंय, त्याने शिकायला एसटीनेच पनवेलला जायचं. रिक्षा परवडत नाही, सोबत जाणाऱ्याचा खाडा होतो. पाय सर्वांत जास्त सुधारतो तो पहिल्या काही महिन्यांत, आणि नेमके तेच महिने इथे खाटेवर जातात.