फोन दुरुस्तीला, फोटो कुठे?

‘नुसता डिस्प्ले बदलायचाय, फोटोंना काय होणार?’

डिस्प्ले किंवा बॅटरी बदलताना फोटोंना हात लागत नाही, हे खरं. ते मदरबोर्डवरच्या मेमरी चिपमध्ये असतात. पण आपण सांगितलेली तक्रार आणि फोन उघडल्यावर सापडणारा बिघाड एकच असेल, असं नाही. आत पाणी शिरलेलं निघालं तर बोर्डच बदलावा लागतो. कधी हँडसेटच बदलून मिळतो, कधी सॉफ्टवेअर नव्याने टाकल्यामुळे फोन कोरा होऊन येतो. डेटाची जबाबदारी ग्राहकाची, असं जॉबशीटवर बारीक अक्षरांत बहुधा छापलेलं असतं. आपण ते न वाचता सही ठोकतो.

‘चिप काढून दुसऱ्या फोनला लावली की फोटो निघतात.’

हा सगळ्यांत चिवट समज. जुन्या अँड्रॉइड फोनच्या बाबतीत त्यात तथ्यही होतं. मात्र अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनपासून एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. आयफोनमध्ये ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फोटो चिपवर सांकेतिक रूपातच लिहिले जातात. ते उलगडणारी किल्ली त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरशी आणि तुमच्या पिनशी बांधलेली असते. चिप उपटून दुसरीकडे बसवली तर हाती लागतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. चोराला अडवणारी ही सोय वेळप्रसंगी मालकालाही अडवते. म्हणून जाणकार कारागीर मूळ बोर्डच, थोड्या वेळापुरता का होईना, चालू करायला बघतात. प्रोसेसर आणि मेमरी शाबूत असतील आणि पिन आठवत असेल, तर फोटो निघू शकतात.

फॅक्टरी रीसेट झाल्यावर मात्र किल्लीच पुसली जाते. मग ‘रिकव्हरी’ सॉफ्टवेअर विकत घेणं म्हणजे निव्वळ पैसे वाया.

मेमरी कार्ड असेल तर ते काढून घरी ठेवावं. मात्र ते अंतर्गत स्टोरेज म्हणून फॉरमॅट केलेलं असेल, तर दुसरा फोन ते वाचू शकत नाही.

‘गूगलवर सगळं आपोआप जातं.’

बॅकअप चालू असेल आणि जागा शिल्लक असेल, तरच. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मिळणाऱ्या मोफत १५ जीबीमध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळेच वाटेकरी. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. जागा संपली की नवे फोटो चढायचे थांबतात आणि त्याबद्दल आलेल्या सूचना आपण बोटाने बाजूला सारतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले लग्नाबारशाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्याचा बॅकअप स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. आयक्लाउडवर मोफत जागा फक्त ५ जीबी.

‘मेंटेनन्स मोड लावला, आता काळजी नाही.’

सॅमसंगचा मेंटेनन्स मोड किंवा पिक्सेलचा रिपेअर मोड कारागिराच्या नजरेपासून फोटो झाकतो. तो जरूर लावावा, पण तो बॅकअप नव्हे.

‘टच गेला, आता बॅकअप कसा घेणार?’

स्क्रीनवर दिसत असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोनना ओटीजी अ‍ॅडॅप्टरने साधा माउस जोडता येतो. त्याने पिन टाका, बॅकअप चालू करा किंवा केबलने फोटो संगणकावर उतरवून घ्या. नुसती केबल लावून भागत नाही. पिन टाकून उघडल्याशिवाय फोन संगणकाला फोटो दाखवत नाही.